वैरणीसाठी जुना ट्रॅक्टर घेताय? तपासणी मागच्या बाजूनं सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संगमनेर तालुक्यात सहा एकर रान, त्यात दोन एकर लसूणघास आणि मारवेल, शिवाय डोंगराकडच्या पडीकाचं गवत. लहानमोठी दहा जनावरं. उन्हाळ्यात कोरडी वैरण विकत घेऊन कंबरडं मोडतं, म्हणून गवत-घास वेळेवर कापून, वाळवून, गाठी बांधून ठेवायचा विचार आहे. त्यासाठी साडेतीन लाखांपर्यंत जुना ट्रॅक्टर बघताय आणि दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली २०१५ ची, ५० एचपीची, ऊस वाहतुकीतली, नुकताच रंग मारलेली. मालक सव्वातीन लाख म्हणतोय. दुसरी २०१२ ची, ४० एचपीच्या आतबाहेर, एका शेतकऱ्याच्या घरची, रंग उडालेली, पावणेतीन लाख. कोणती घ्यावी आणि काय बघून घ्यावी?

उत्तर आधी सांगतो. दुसरी बघायला जा, पण तिला ड्युअल क्लच (तो काय असतो ते पुढे येतं) असेल तरच. नसेल तर दोन्ही सोडा आणि तिसरी शोधा.

आपल्याकडे जुना ट्रॅक्टर घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात, बॉनेटवर हात फिरवतात आणि सौद्याला बसतात. नांगरटीसाठी किंवा ट्रॉलीसाठी तेवढ्यावर बऱ्यापैकी निभावतं. वैरणीच्या कामात ट्रॅक्टर फारसा ओढत नाही, तो फिरवतो. गवत कापणारे कटर बार आणि ड्रम मोअर, गाठी बांधणारा बेलर, कुट्टी मशीन ही सगळी यंत्रं पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद यंत्राला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतात. ओळी ओढणारा, जमिनीवर घासून फिरणारा चाकांचा रेक तेवढा सोडला, तर सगळं काम गाडीच्या शेपटाकडे. म्हणून तपासणीही मागून पुढे करायची: पीटीओ आणि क्लच आधी, मग लिफ्ट आणि ड्रॉबार, इंजिन त्यानंतर.

पण त्याआधी किती एचपी लागतात ते ठरवू, कारण ५० एचपीच्या गाडीचा मोह तिथूनच सुरू होतो. दहा जनावरांना ओल्या चाऱ्यासोबत दिवसाला सरासरी पाच किलो कोरडी वैरण धरली आणि सहा महिन्यांची तजवीज करायची म्हटली, तर नऊ टन होतात. १८ ते २० किलोची एक गाठ धरली तर साडेचारशे ते पाचशे गाठी. गवताची ओळ चांगली जाड असेल तर छोटा चौकोनी बेलर तासाला शंभरच्या आसपास गाठी सहज बांधतो. म्हणजे तुमची अख्ख्या वर्षाची बांधणी एक-दीड दिवसाची, तीही दोन-तीन कापण्यांत विभागलेली. एवढ्यासाठी स्वतःचा बेलर घेऊ नका. सोयाबीनचं भुसकट, गव्हाचं काड आणि उसाचं पाचट बांधायला बेलरवाले स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन गावोगाव फिरतात आणि गाठीवर पैसे घेतात. त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. तुमच्या ट्रॅक्टरकडे राहतं काय, तर कापणी, उलथापालथ, ओळी ओढणं, गाठी घरी आणणं आणि वर्षभर कुट्टी. याला ३५ ते ४० एचपी भरपूर झाले.

इथे एक हिशोब लक्षात असू द्या. बॉनेटवर लिहिलेले एचपी इंजिनाचे असतात. पीटीओवर त्यातले साधारण ८५ ते ९० टक्केच पोचतात. चाळीसच्या गाडीला मागे ३४-३५ मिळतात. पाच फुटी कटर बारला यातला थोडाच भाग लागतो. ड्रम मोअर मात्र खादाड, त्याला ३५ एचपीच्या खालची गाडी धापा टाकते. पुढेमागे चार शेजारी मिळून छोटा गोल गाठींचा बेलर घ्यायचं ठरलं, तरी चाळीसची गाडी तो फिरवेल. चौकोनी बेलरला तीच गाडी काठावर येते, चढाच्या रानात तर नकोच.

मोठी गाडी नको म्हणण्याचं दुसरं कारण लसूणघासाचं आहे. घासाचा खोडवा तीन-चार वर्षं त्याच जागी फुटत राहतो आणि प्रत्येक कापणीला चाकं त्याच्या डोक्यावरून जातात. ३५-४० एचपीच्या गाडीचं वजन पावणेदोन ते दोन टन असतं. पन्नास-पंचावन्नच्या गाड्या सव्वादोन-अडीच टनांकडे जातात. पाणी देऊन आठ दिवसही न झालेल्या घासात त्या फरकानं चाकोरीतली मुळं चिरडतात, आणि दुसऱ्या वर्षी चाकोरीत घासाऐवजी तण दिसतं.

आता क्लच. इथे जरा थांबून वाचा, कारण विकणारा यावर कधी बोलत नाही आणि घेणारा विचारत नाही.

सिंगल क्लचच्या गाडीत पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्ही थांबतात. ड्युअल क्लचला पेडलचे दोन टप्पे असतात: अर्धं दाबलं की गाडी थांबते पण पीटीओ फिरत राहतो, पूर्ण दाबलं की तोही थांबतो. काही गाड्यांत पीटीओला वेगळा हाताचा लिव्हर असतो. तो तर उत्तमच. आता रानात काय होतं बघा. तुम्ही कटर बारनं मारवेल कापताय. पुढे गवत पडून गुंतलेलं दिसलं, गिअर उतरवायचा म्हणून क्लच दाबला. सिंगल क्लच असेल तर त्याच क्षणी पातंही थांबलं, ते नेमकं दाट गवताच्या पोटात. क्लच सोडला की थांबलेल्या पात्यावर एकदम सगळा भार. कधी पातं दातऱ्यात अडकतं, कधी पातं हलवणारा पिटमनचा दांडा तुटतो, आणि काहीच तुटलं नाही तर खाली उतरून हातानं गवत उपसत बसायचं. बेलरला तर याहून वाईट. तोंडात गवताचा गोळा आला की गाडी थांबवून मशीनला तो गिळायला वेळ द्यायचा असतो. सिंगल क्लचला ते जमतच नाही. तोंड भरलेलं मशीन थांबतं आणि पुन्हा चालू करताना शिअर बोल्ट (जास्त भाराला मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट) जातो.

याला आणखी एक धोक्याचा कंगोरा आहे. बेलर किंवा मोठा मोअर यांना जड फिरती चाकं असतात. सिंगल क्लचच्या गाडीत पेडल दाबल्यावर इंजिन सुटतं, पण मागचं मशीन आपल्या वेगानं फिरत राहून पीटीओमधून गिअरबॉक्सला उलटं फिरवतं आणि गाडी पुढे ढकलली जाते. बांधाजवळ किंवा उतारावर ही ढकल जिवावर बेतू शकते. शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच (ताकद एकाच दिशेनं जाऊ देणारा जोड) बसवला की ती थांबते, पण पातं थांबण्याचं दुखणं तसंच राहतं. आणखी, काही जुन्या रचनेच्या गाड्यांत हायड्रोलिकचा पंपही पीटीओच्याच शाफ्टवर चालतो. तिथे क्लच दाबला की लिफ्टही मेली. बांध आला, क्लच दाबला, मोअर उचलायला गेलात तर लिव्हर वर आणि मोअर जागच्या जागी.

मॉडेलच्या नावावरून क्लच कळत नाही. महिंद्रा ५७५, स्वराज ७३५ आणि ७४४, मॅसी २४१ या आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या गाड्या सिंगल आणि ड्युअल दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या आहेत. मालकाला विचारलंत तर बऱ्याचदा त्यालाही खात्रीनं सांगता येत नाही, कारण त्यानं आयुष्यभर कल्टिव्हेटर आणि ट्रॉलीच चालवली. म्हणून स्वतः बघा. गाडी सपाट जागी चालू करा, मागे कोणी उभं नाही याची खात्री करा. क्लच पूर्ण दाबून पीटीओ लावा, पहिल्या गिअरमध्ये गाडी हळू चालू द्या. आता पेडल सावकाश दाबत जा. साधारण निम्म्यात गाडी थांबली पाहिजे आणि मागे उभ्या असलेल्या तुमच्या माणसानं, चार हात लांबूनच, पीटीओ फिरतोय असं सांगितलं पाहिजे. आणखी दाबलं की पायाला दुसरा, जडसर टप्पा लागतो आणि पीटीओ थांबतो. दुसरा टप्पा लागतच नाही, किंवा दोन्ही एकदम थांबतात, तर एक तर गाडी सिंगल क्लचची आहे, नाही तर ड्युअलचं सेटिंग बिघडलंय किंवा प्लेट संपलीय. सेटिंग फिटरच्या अर्ध्या तासाचं काम आहे. प्लेट संपली असेल तर गाडी मधून तोडावी, म्हणजे दोन भागांत सोडवावी लागते, आणि ड्युअलचा संच सिंगलपेक्षा चांगलाच महाग. त्या दिवशी गप्प राहा, घरी येऊन दुकानात त्या मॉडेलच्या ड्युअल संचाची किंमत विचारा आणि सौद्यात तेवढी कापा.

"सिंगलचा ड्युअल करून देतो" म्हणणारे मिस्त्री भेटतील. बऱ्याच मॉडेलमध्ये नुसती प्लेट बदलून भागत नाही, आतले शाफ्टही बदलावे लागतात. त्या भानगडीत पडण्यापेक्षा मुळात ड्युअल असलेली गाडी शोधायला महिनाभर लागला तरी परवडतं.

क्लच पास झाला की गाडी बंद करून पीटीओच्या शाफ्टजवळ बसा. टोपी काढा. टोपी नसेल तर तेही एक उत्तरच आहे. सहा दातांचा, ३५ मिलिमीटरचा शाफ्ट आपल्याकडे सगळीकडे चालतो. दातांच्या कडांवरून बोट फिरवा. कडा चौकोनी लागल्या पाहिजेत. एका अंगाला झिजून धार आली असेल किंवा दातात पायरी पडली असेल, तर या शाफ्टनं रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र खूप फिरवलंय आणि यंत्राकडे जाणाऱ्या शाफ्टचा नवा कार्डन जोड त्यावर खडखडणार. मग शाफ्ट मुठीत धरून वर-खाली हलवा. किंचित खेळ चालतो. हाताला ठक् असा आवाज जाणवला तर आतलं बेअरिंग गेलंय. शाफ्टच्या मुळाशी तेलाची ओली कड दिसते का बघा. नुसतं ऑइल सील असेल तर खर्च किरकोळ, पण बेअरिंग गेलेल्या शाफ्टवर नवं सील महिनाभरही टिकत नाही. म्हणून ओल आणि ठक् दोन्ही सापडले तर ते एकत्रच मोजा.

तिथेच खाली वाकून ड्रॉबार बघा. ओढून न्यायच्या यंत्राला पीटीओखालचा पक्का ड्रॉबार हवा. पीटीओच्या टोकापासून ड्रॉबारच्या पिनपर्यंत आडवं अंतर ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी साधारण १४ इंच धरतात. हे अंतर बिघडलं की वळताना कार्डन शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस तुटतात. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना लिंकेजच्या दोन हातांत अडकवलेली भोकांची पट्टी तेवढी असते. ट्रॉलीला ती चालते. पीटीओच्या यंत्राला चालत नाही, कारण लिफ्ट जराशी खालीवर झाली की शाफ्टचा कोन बदलतो.

लिफ्टची परीक्षा साधी आहे. विकणाऱ्याच्या दारात असलेलं जडात जड अवजार, बहुतेक वेळा रोटाव्हेटर, लावून पूर्ण वर उचला. इंजिन बंद करा. अवजाराच्या खाली जमिनीपासून कडेपर्यंत काठी उभी करून खूण करा आणि चहा प्या. दहा-पंधरा मिनिटांत बोटभर खाली आलं तर जुन्या गाडीला ते क्षम्य. वीतभर आलं तर सिलिंडरची सीलं किंवा व्हॉल्व्ह गळतोय. मोअर ठराविक उंचीवर धरायचा असतो; गळकी लिफ्ट तो हळूहळू जमिनीला टेकवते, पात्यात माती आणि खडे जातात. गरम तेलावरही हेच करून बघा, थंड असताना बऱ्याच लिफ्टा प्रामाणिक वागतात. खालच्या हातांचे बॉल ढिले आहेत का तेही हलवून बघा. कटर बार एका बाजूला लोंबतो, त्यामुळे ढिल्या बॉलवर गाडीचं शेपूट रानभर डोलत राहतं.

यानंतर मी एक गोष्ट कधीच सोडत नाही: गाडीला भाराखाली अर्धा तास चालवणं. दूध धंदा करणाऱ्या बहुतेकांच्या दारात पीटीओवरची कुट्टी मशीन असते, नसेल तर शेजाऱ्याकडे असते. कडब्याच्या पेंड्या तुम्ही द्या, तुमच्या खर्चानं. इंजिन पीटीओच्या ५४० फेऱ्यांना आणा. मीटरवर तशी खूण असते, मॉडेलनुसार इंजिन १५०० ते २१०० फेऱ्यांच्या मधे कुठेतरी असतं. मग मशीनला सलग खाऊ घाला. तीन गोष्टी बघायच्या. पेंडी आत गेल्यावर आवाज दबून लगेच सावरतो की खोलच जातो? जात असेल तर पंप, नोझल किंवा कॉम्प्रेशन. इंजिनाचा आवाज तसाच राहून मशीन मात्र मंदावतं का? मग क्लच घसरतोय, जळका वासही येईल. आणि पाण्याचा काटा कुठे थांबतो? उभ्या गाडीला समोरचा वारा मिळत नाही, त्यामुळे अर्धा चोंदलेला रेडिएटर इथेच उघडा पडतो. रस्त्यावर चक्कर मारून हे काहीच कळत नाही. विकणारा "कशाला एवढं" म्हणाला तर नम्रपणे चपला घालाव्यात.

इंजिनाबद्दल तुम्हाला बरंच माहीत असेल, म्हणून थोडक्यात. सकाळी लवकर जा, आणि गाडी आधी चालू करू नका असं सांगून जा. पोचल्यावर आधी बॉनेट उघडून ब्लॉकला हात लावा. कोमट असेल तर ती तुमच्यासाठी आधीच जागी केलीय. थंड गाडीला सुरुवातीचा पांढुरका धूर चालतो. गरम झाल्यावरही तो राहिला तर कॉम्प्रेशन किंवा नोझल बघावं लागेल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. भाराखाली थोडा काळा चालतो, ढग नको. गरम इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढून बघा: धूर हलकासा निघतोय की फुसफुस करत झाकण उडवू बघतोय? दुसरं असेल तर लायनर-पिस्टनचं काम दारात उभं आहे. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर आणखी काहीच बघू नका.

वैरणीसाठी म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. एक, एअर फिल्टर. वाळलेल्या गवताची भुकटी मातीपेक्षा हलकी असते आणि नळीत थेट ओढली जाते. ऑइल बाथ फिल्टर असेल तर त्याची वाटी उघडून तळाचा गाळ बघा. गाळ वाटीभर असेल तर मालकानं ती कित्येक महिने उघडलेली नाही. दुसरी, रेडिएटरच्या जाळ्या आणि त्यापुढची जाळी. जाळी सहज निघून झटकता आली पाहिजे. रेक मारताना आणि गाठींच्या रानात तासातासाला ती झटकावी लागते. सायलेन्सरला फुटीर जागा असेल तर वेल्डिंग करून घेतल्याशिवाय वाळल्या गवतात गाडी नेऊ नका, ठिणगी एक पुरते.

आता तुमच्या पहिल्या गाडीकडे वळू. ऊस वाहतुकीच्या गाड्या साखर कारखान्यांचे हंगाम संपले की, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, बाजारात येतात. रंग नवा, टायर काळे पॉलिश केलेले, सीट कव्हर नवं. या गाड्यांनी रात्रंदिवस दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या असतात. ट्रॉली जोडायच्या हिचच्या भोकात बोट घाला. भोक गोल न राहता लांबट झालं असेल, किंवा त्याभोवती एकावर एक वेल्डिंगचे थर असतील, तर मागचा अॅक्सल, क्लच आणि ब्रेक यांनीही तेवढंच सोसलंय. क्लच पेडलचं लोखंड पायानं गुळगुळीत झालंय आणि तासांचा मीटर २१०० दाखवतोय, असं असेल तर पेडलवर विश्वास ठेवा. मीटर बदलता येतो, बंदही ठेवता येतो. पण ऊस ओढलेल्या गाडीचा पीटीओ बऱ्याचदा कोरा करकरीत असतो, हेही खरं. झीज सगळी क्लचपासून मागच्या अॅक्सलपर्यंतच्या साखळीत असते. गाडी आवडलीच तर त्या कोऱ्या पीटीओवर न भाळता क्लच आणि अॅक्सलची किंमत धरून बोला.

इतर इतिहासही मागून ओळखता येतो. भातपट्ट्यातून आलेल्या गाडीनं केज व्हील (लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लावून चिखलणी केलेली असते. मागच्या अॅक्सलची सीलं, पुढच्या हबची बेअरिंगं आणि क्लच हाउसिंगचा तळ यांत चिखलाचं पाणी गेलेलं असू शकतं, गिअरबॉक्सचं तेल थोडं सोडून पाहा. नदीतून वाळू काढलेली गाडी लांब ठेवा. मळणीयंत्राची गाडी तासांनी म्हातारी असते, पण एका जागी उभी राहून काम केल्यामुळे तिचे गिअर, ब्रेक आणि टायर चांगले निघतात. तिचा पीटीओ तेवढा नीट तपासायचा. पुढे डोझर किंवा लोडर लावलेली असेल तर पुढच्या बीमवर आणि बेल हाउसिंगवर तडे शोधा. फायनान्सवाल्यांनी हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्या स्वस्त दिसतात, पण यार्डात त्या भाराखाली चालवून कोणी देत नाही. वैरणीसाठी तो जुगार मला पटत नाही.

मॉडेल कोणतं, यावर लोक हातघाईवर येतात. तुमच्या गावापासून दुपारपर्यंत जाऊन येता येईल इतक्या अंतरावर ज्याचे सुटे भाग आणि फिटर आहेत, ते मॉडेल घ्या. दसऱ्यानंतर परतीचा पाऊस उघडतो, तीन-चार दिवस कडक ऊन मिळतं आणि तेवढ्यात गवत कापून, उलटून, ओलावा पंधरा ते अठरा टक्क्यांच्या खाली आणून बांधायचं असतं. मुठीत पिळ मारला की काडी कट्कन तुटली पाहिजे. ओली बांधलेली गाठ तापते, बुरसते, फार ओली असेल तर पेटतेही. त्या चार दिवसांत क्रॉस किंवा सील आणायला नगर-पुण्याच्या चकरा मारणं परवडत नाही. एचएमटीचे ट्रॅक्टर दमदार होते, पण पिंजोरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घेतला. ती गाडी घेणारा माणूस भाग शोधण्याची हौस असलेला असावा.

५० एचपीच्या वरच्या गाड्यांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू झाले, त्यामुळे तेव्हापासूनच्या मोठ्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. तुमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या, साध्या पंपाच्या. गावचा फिटर दुरुस्त करू शकेल अशा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेतीयंत्रांची चाचणी संस्था आहे, तिच्या अहवालात त्या-त्या मॉडेलची पीटीओवर प्रत्यक्ष मोजलेली ताकद दिलेली असते. आकडे किलोवॅटमध्ये असतात, १.३६ नं गुणलं की एचपी. विकणारा "पंचेचाळीसची आहे" म्हणाला की तो आकडा खिशात असावा.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी उभी दिसली तरी दहा वर्षांचं रबर बाजूनं चिरतं. ब्रेक तेलातले असतील तर बरे, कोरडे असतील तर दोन्ही पेडलं सारखी लागतात का एवढं बघा. स्टिअरिंग पॉवरचं असेल तर ओळी ओढताना खांदे वाचतात.

पीटीओवरचं पत्र्याचं कव्हर जुन्या गाडीला सहसा नसतं, कारण जोड लावताना ते आड येतं म्हणून कोणीतरी काढून फेकलेलं असतं. गाडी घरी आल्यावर पहिला खर्च तो करा, आणि कार्डन शाफ्टवरची प्लास्टिकची नळीही. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर गुंतला तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही.

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ झाला, टायर आणि सुट्या भागांवरचाही १८ वरून ५. नवी गाडी स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भावही खाली यायला हवा, पण विकणारे अजून नव्या गाडीच्या आधीच्या किमतीवरून सांगतात. शोरूममधून त्याच ताकदीच्या नव्या गाडीचं कोटेशन घेऊन जा. आणि साडेतीन लाखांतले पन्नास-साठ हजार पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच बोला, म्हणजे तुमचं खरं बजेट तीनच्या आतलं. पावणेतीनची गाडी क्लचमध्ये पास झाली तर अडीचला मागा.

कागद शेवटी लिहितोय, पण विसार देण्याआधी बघायचे. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का, तो उतरला असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. चॅसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून घ्या, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर परत फिरा. नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ च्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपते, मग तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण. त्याचा खर्च आणि हेलपाटा आत्ताच भावात धरा.

नावावर करणं "नंतर बघू" म्हणून ठेवू नका. जुन्या ट्रॅक्टरला अनुदान नाही, पण त्यामागच्या नव्या अवजाराला महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज करता येतो, आणि ट्रॅक्टरच्या अवजारासाठी तिथे ट्रॅक्टरचं आरसी पुस्तक मागतात, तुमच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावाचं. मोअर किंवा रेक अनुदानातून घ्यायचा असेल तर आरसीचं काम आधी उरका, अर्ज त्यानंतर, आणि निवड होऊन पूर्वसंमती हातात येईपर्यंत अवजार विकत घेऊ नका. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.